बोटभर जागा

आप्पांच्या कारखान्यात एक निळी बादली होती आणि तिचं नाव होतं जावई. दर वर्षी मिरगाच्या पहिल्या सरीला ती हजर व्हायची, शेडमधली सगळ्यात मोक्याची जागा अडवून बसायची, चार महिने हलायची नाही आणि तिला कुणी काही बोलायचं नाही. 2018 साली अधिक ज्येष्ठ होता. तो संपायला चार-पाच दिवस असताना पाऊस लागला, बादली आपल्या जागी बसली आणि रंगकाम करणाऱ्या पोरींनी तिच्यापुढे दोन अनारसे ठेवून तिला धोंड्याचं वाण दिलं. सगळा कारखाना हसला. आप्पासुद्धा हसले, पण त्यांचं हसू जरा उशिरा आलं.

कारखाना हमरापुरात. पनवेलहून रोह्याकडे जाणारी गाडी जिते सोडते, पुढचं स्टेशन हमरापूर, त्याच्या पुढचं पेण. गणपती पेणचे म्हणून जगभर जातात, पण त्यातले कितीतरी घडतात ते हमरापूर, जोहे, कळवे, तांबडशेत या गावांमध्ये. माघी गणपती झाला की इथे ओट्यावर, माळ्यावर, अंगणात, जिथे पाट टेकेल तिथे पांढऱ्याफेक कच्च्या मूर्ती दिसायला लागतात. आषाढापर्यंत गाव इतकं भरतं की माणसांना अंग चोरून चालावं लागतं. गैरसोय अशी की आभाळही त्याच महिन्यात भरतं. शेतकऱ्याचं धान्य पावसाआधी कणगीत जातं. मूर्तिकाराचं सगळं भांडवल ऐन पावसात उघडं मांडलेलं असतं आणि त्याच्यावर असतं फक्त छप्पर.

आप्पांचं घर त्यांच्या वडिलांनी बांधलेलं. विटांचं, एक मजली, पायवा खोल. कारखाना वाढला तशी ओटी पुरेना, म्हणून 2014 साली त्यांनी पश्चिमेच्या भिंतीला लागून शेड काढली. भातखाचरावर भराव टाकला, त्यात लोखंडी पाइपचे खांब रोवले, वर वीस फुटी रंगीत पत्रे चढवले. उतार घरापासून बाहेर, म्हणजे पत्र्यावरचं पाणी घराकडे येण्याचा प्रश्न नव्हता. काम नेटकं झालं. फक्त पत्र्याची वरची कड आणि घराची भिंत यांच्यामध्ये बोटभर फट राहिली.

गवंडी म्हणाला, "भिंत माझी. गिलावा करून दिला, बघून घ्या." पत्रेवाला म्हणाला, "पत्रा माझा. हूक, वायसर, सगळं बरोबर आहे, बघून घ्या." आप्पांनी दोन्ही बघून घेतलं, दोन्ही चोख होतं, दोघांचे पैसे चुकते झाले. जाता जाता गवंड्याने घमेल्यात उरलेला माल त्या फटीवर थापीने ओढून दिला. पत्र्यापासून भिंतीपर्यंत तिरका, गुळगुळीत वाटा. त्याचे पैसे घेतले नाहीत. फुकट केलेल्या कामाबद्दल कुणी जाब विचारत नाही, हा त्या कामाचा मोठाच दोष.

पहिल्या पावसाळ्यात काही झालं नाही. दुसऱ्याच्या तोंडाला वाट्याला केसासारखी चीर गेली. आप्पांनी त्यावर सिमेंटचं पाणी फिरवलं. पुढच्या वर्षी गळती रोखायची पावडर घालून नवा वाटा मारला, जुन्याच्या वर. 2017 साली डांबरी कापड चिकटवलं. 2018 साली कुणीतरी सिलिकॉनची नळी आणून दिली, ती आप्पांनी शिडीवर बसून एका सकाळी संपवली. 2019 साली वरून ताडपत्री टाकून तिच्यावर विटा ठेवल्या. प्रत्येक उपाय आधीच्या उपायाच्या डोक्यावर बसत गेला आणि बादली आपल्या जागी बसत गेली.

इथे थोडं थांबून पाण्याचा हिशेब मांडायला हवा, कारण घरमालक तो बहुधा चुकीचा मांडतात. रायगडात वर्षाकाठी तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. एका दिवसात शंभर मिलिमीटर म्हणजे आषाढात नवल नाही. आप्पांचे पत्रे सहाशे चौरस फूट. शंभर मिलिमीटरच्या दिवशी त्यांच्यावर साडेपाच हजार लिटरच्या वर पाणी पडतं. आकडा मोठा आहे, पण ते पाणी उताराने निघून जातं, त्याचा सांध्याला त्रास नाही. त्रास देतं ते भिंतीचं पाणी. पत्र्याच्या वर घराची आणखी दहा फूट भिंत उभी होती, तीस फूट लांब, पश्चिमेला तोंड करून. कोकणात पाऊस सरळ पडतो ते फक्त चित्रात. नैऋत्येचा वारा सुटला की झड आडवी येते, भिंतीवर आपटते आणि ती सगळी भिंत एका पन्हळीसारखी पाणी खाली आणून सोडते. कुठे, तर त्या बोटभर फटीवर.

आप्पांच्या वडिलांच्या वेळी भिंतीची ही बाजू पावसाआधी झावळ्यांच्या झडीने झाकत असत. शेड आली तेव्हा झडी गेल्या. त्या दिसायला बऱ्या नव्हत्या, हे खरं.

2019 च्या जुलैअखेर पावसाने उसंत घेतली नाही. त्या वर्षी गणपती 2 सप्टेंबरला होते, म्हणजे हातात महिना. शेडमध्ये भिंतीकडच्या फळीवर शाडूच्या अडीच फुटी मूर्तींची रांग होती, अंगं तयार, हात आणि सोंडा लावून झालेल्या, वाळायला ठेवलेल्या. सकाळी पहिली आली ती आत्या.

आत्या म्हणजे कुणाची आत्या ते आता कुणालाच आठवत नाही. पंचेचाळीस वर्षं हमरापुरातल्या कारखान्यांत तिने एकच काम केलं, जोडकाम. साच्यातून निघालेल्या अंगाला हात लावायचे, सोंड लावायची, कान लावायचे आणि जोड दिसणार नाही असा घोटून काढायचा. आप्पा स्वतः तिच्याहून दहा वर्षांनी लहान, तरी जोडकाम तिला आपण शिकवलं असं ते सांगत. ती ऐकून घेई.

त्या सकाळी तिने दार लोटलं आणि उंबऱ्यातच थांबली. जावई आपल्या जागेवर होता, कोरडा ठणठणीत. त्याच्यापासून आठ फुटांवर रांगेतल्या पंधरापैकी सात मूर्तींचे खांदे खाली बसले होते. शाडू भिजली की तिला आकाराची आठवण राहत नाही. एका गणपतीचा आशीर्वादाचा हात गळून स्वतःच्याच मांडीवर आला होता. पोरी रडायला लागल्या. आत्या रडली नाही. तिने पदर खोचला, सातही मूर्ती उचलून मातीच्या हौदाशी नेल्या आणि एकीकडे वर बघत राहिली. पाणी पत्र्याच्या आतल्या बाजूने लोखंडी पाइपवर उतरत होतं, पाइपच्या पोटाखालून धावत होतं आणि वेल्डिंगची गाठ आली की तिथे टपकत होतं. ताडपत्रीच्या विटेने जुनी वाट दाबली गेली होती, म्हणून पाण्याने नवी गाठ शोधली होती.

माती परत मिळते. हौदात टाकली, मळली की पुन्हा शाडूच. सात मूर्तींवर गेलेले दिवस मात्र हौदातून निघत नाहीत.

आप्पांनी त्याच दिवशी गवंड्याला आणि पत्रेवाल्याला बोलावून घेतलं. दोघे एकाच वेळी आले ही आप्पांची चूक. गवंडी म्हणाला, पत्रा तापतो, थंड होतो, सरकतो, मग माझा वाटा फुटणारच, त्याला मी काय करू? पत्रेवाला म्हणाला, पत्र्याला एक भोक दाखवा, भिंतीच्या गिलाव्याला वर चीर आहे, पाणी भिंतीतून येतंय, मी काय भिंत बदलू? दोघांचंही खरं होतं, म्हणून भांडण संपेना. वीस फुटांचा लोखंडी पत्रा एप्रिलच्या दुपारी अंगाला हात लावू देत नाही आणि पहाटे गार पडतो. चाळीस अंशांचा फरक पडला तर तो जवळजवळ तीन मिलिमीटर लांबतो आणि पुन्हा आखडतो. तीन मिलिमीटर म्हणजे साबुदाण्याचा एक दाणा. पण सिमेंटला साबुदाण्याएवढंही लवता येत नाही. त्यात घराचा पायवा जुना, बसायचा तेवढा बसलेला, आणि शेडचा भराव दर पावसाळ्यात थोडा थोडा खाली जाणारा. ही दोन अंगं एकमेकांना कडक मालाने चिकटवली होती.

शेवटी दोघांनी मिळून एक तोडगा काढला. अजून एक वाटा मारू, जाड. आप्पा हो म्हणाले, कारण पावसात दुसरं काही सुचत नाही. ओल्या भिंतीवर ओला माल चार दिवसही टिकला नाही.

संध्याकाळी आप्पा नेहमीसारखे मूर्ती तपासायला बसले. त्यांची एक ख्याती होती. गिऱ्हाईक मूर्तीचे डोळे बघतं, आप्पा बगल बघतात, असं लोक म्हणत. हात जिथे अंगाला मिळतो तिथे आतून अंगठा फिरवायचा, बारीक चीर लागली की मूर्ती बाजूला. डोळ्यांची आखणी कुणालाही भुलवते, पण मुंबईपर्यंत ट्रकमध्ये हादरे बसले की पहिली फुटते ती बगल. त्या दिवशी त्यांनी एक मूर्ती बाजूला काढली आणि आत्याला हाक मारली.

"आत्या, हे कुणी लावलं? अंग वाळल्यावर हात लावलाय. ओली माती वाळल्या अंगाला धरत नाही, ती वाळताना आखडते, अंग आखडत नाही, मग जोड तडकणारच. किती वेळा सांगितलंय?"

हात नव्या पोरीने लावला होता. आत्याने मूर्ती घेतली, बगलेत अंगठा फिरवला, मान हलवली. मग वर बघितलं.

"आप्पा, मूर्तीची बगल बघता. घराची बगल बघितलीत कवा?"

आप्पांना आधी कळलं नाही. मग त्यांनीही वर बघितलं. पाच वर्षांचे पाच वाटे एकमेकांवर बसून त्या सांध्याला हत्तीच्या पायासारखी सूज आली होती.

"एक अंग हलतंय, एक अंग हलत नाय," आत्या म्हणाली. "मधी कडक लावलं, ते तडकनार. तुमीच सांगता ना पोरींना."

आप्पा गप्प बसले. मला या कथेतली ही जागा सगळ्यात आवडते, कारण इथे काहीच घडत नाही. माणसाला जे येतं ते त्याला सगळीकडे येतं असं नाही. आप्पांना सांध्याबद्दल हमरापुरात कुणाहून कमी कळत नव्हतं, पण ते कळणं पाटावर संपत होतं. पत्र्याखाली ते मूर्तिकार होते, पत्र्यावर गिऱ्हाईक.

गणपती गेले, पितृपंधरवडा गेला, दिवाळी गेली. भिंत नीट सुकायला माघ उजाडला. फेब्रुवारी 2020 मधल्या एका कोरड्या दिवशी आप्पा, त्यांचा मुलगा आणि आत्या असे तिघे कामाला लागले. मुलाने मोबाइलवर शोधून तीन प्रकारचे डिंक काढले होते. आत्या म्हणाली, आधी पाणी मारा. कुठून येतंय ते तरी कळू द्या.

बागेची नळी आणली. मुलगा शिडीवर, आप्पा वर पत्र्याशेजारी, आत्या आत, दिवा बंद करून. आप्पांना पहिलं पाणी सांध्यावरच सोडायचं होतं. आत्याने आतून ओरडून सांगितलं, खालून वर या. वरून सोडलं तर सगळं एकदमच भिजेल आणि काय कळणार नाही. मग आधी पत्र्याच्या मध्यावर पाव तास पाणी सोडलं, आत कोरडं. मग वाट्याच्या खालच्या कडेवर, आत एक-दोन थेंब. मग वाट्यावर, थोडे जास्त. मग वाट्याच्या वर, भिंतीवर हातभर उंच, जिथे गिलाव्याला पत्रेवाल्याने दाखवलेली चीर होती. पाणी तिथे लागलं आणि आत धार सुरू झाली.

म्हणजे पाच वर्षं ज्या जागी इलाज चालला होता तिथून पाणी थोडंच येत होतं. बरंचसं वाट्याच्या पाठीमागून, भिंतीच्या पोटातून उतरत होतं. वाटा जितका जाड होत गेला तितका त्याच्या मागे पाणी साठायला आडोसा झाला.

छिन्नीने सगळा जुना माल काढला. एकेक वर्षाचा थर निघत होता, वरची ताडपत्री, सिलिकॉनची रबरी शेपटी, डांबर, दोन रंगांचं सिमेंट आणि सगळ्यात खाली गवंड्याचा तो फुकटचा वाटा, जो इतक्या वर्षांत ना पत्र्याला चिकटला होता ना भिंतीला. घमेली भरून माल बाहेर गेला आणि फट पुन्हा पहिल्या दिवसासारखी मोकळी झाली. आप्पांनी तिच्यात बोट घालून बघितलं.

आता लावायचं काय? मुलगा म्हणाला, रुंद पट्टी वाकवून आणू, खाली पत्र्याला स्क्रू, वर भिंतीला स्क्रू, विषय संपला. आप्पांना पटत होतं. आत्या भिंतीला टेकून उभी होती. तिने नुसता उजवा हात डोक्यावर नेला.

"बघा. चोली वेगली, पदर वेगला. पदर वर खांद्याला टाचलाय, खाली मोकला. हात वर केला तरी पदर जाग्यावर, अंग झाकलेलं. दोनीकडं टाचला तर पयल्यांदा हात वर केला की फाटंल."

आप्पांनी तिच्या खांद्यावरच्या सेफ्टी पिनकडे बघितलं आणि कोळसा घेऊन भिंतीवर आकृती काढायला सुरुवात केली.

पत्र्याची पट्टी वेगळी. ती पत्र्याला स्क्रूने घट्ट, पन्हळीच्या खाचांमध्ये फोम दाबलेला, आणि तिची मागची बाजू सहा इंच वर वळून भिंतीशी उभी, पण भिंतीला एकही स्क्रू नाही. भिंतीची पट्टी वेगळी. भिंतीत ग्राइंडरने इंचभर खोल चर कापायचा, तोही त्या चिरेच्या वर, पट्टीची वरची दुमड त्या चरात बसवायची, तोंड लवचीक मालाने बंद करायचं आणि बाकीची पट्टी खालच्या उभ्या पट्टीवरून पदरासारखी खाली सोडायची. निदान चार बोटं एकावर एक. दोन पट्ट्यांना एकमेकींशी बांधणारं काही नाही. पत्रा सरकला तर त्याची पट्टी भिंतीच्या पट्टीखाली सरकेल. भराव बसला तर खाली बसेल. पाणी मात्र वरच्यावरून खालच्यावर आणि तिथून पत्र्यावर उतरत जाईल, त्याला मागे जायला वाट नाही.

पट्ट्या पेणहून वाकवून आणल्या, दहा दहा फुटी. पत्रेवाला स्वतः घेऊन आला. बघून म्हणाला, "मधे चार स्क्रू मारून देतो, एकजीव होईल." आप्पांनी हात धरला. मग गवंडी आला, चर बघून म्हणाला, "वरून सिमेंटचा हात फिरवतो, मजबूत होईल." आप्पांनी त्याचाही हात धरला. दोघांनी एकमेकांकडे बघितलं. पुन्हा एकदा त्यांचं एकमत झालं होतं, आणि या वेळी ते आप्पांच्या विरुद्ध होतं.

एक बारीक गोष्ट आत्याने नाही, आप्पांनीच सांगितली, ती इथे नोंदवायला हवी. दोन पट्ट्यांची टोकं एकमेकांवर चढतात तिथे कुठली वर घ्यायची? मुलाने घराच्या दक्षिणेकडून सुरुवात केली होती. आप्पांनी सगळं काढायला लावलं आणि उत्तरेकडून लावत आणलं, म्हणजे दक्षिणेची पट्टी वर चढली आणि जोडाचं उघडं तोंड उत्तरेकडे गेलं. पाऊस नैऋत्येचा. वाऱ्याने पाणी जोडात शिरण्याऐवजी त्याच्यावरून घसरत जावं. कौलं कशी लावतात ते आप्पा लहानपणी वडिलांच्या हाताखाली शिकले होते, मग पत्रे आले आणि ते विसरायला हरकत नाही असं त्यांना वाटलं होतं.

काम संपलं आणि महिन्याभरात देशच बंद झाला. मातीची गाडी येईना, गिऱ्हाईक येईना. पुढे सरकारने मंडळाच्या मूर्तीला चार फुटांची आणि घरच्या मूर्तीला दोन फुटांची मर्यादा घातली आणि मोठ्या मूर्ती करून बसलेले कारखानदार डोक्याला हात लावून बसले. त्या आधीच, 3 जूनला, निसर्ग वादळ श्रीवर्धन-दिवेआगरच्या बाजूने किनाऱ्यावर चढलं. ताशी 110 ते 120 किलोमीटरचा वारा. रायगडात त्या दुपारी काय काय उडालं त्याची यादी करणं अवघड आहे. आप्पांच्या शेडचे चार पत्रे उडाले. दोन शेतात सापडले, एक शेजारच्या आंब्यात अडकला, चौथा सापडलाच नाही.

बोधकथेत नीट केलेलं काम वादळात टिकतं. हे टिकलं नाही. आप्पांची सगळी मेहनत सांध्यावर गेली होती आणि पत्र्यांचे हूक सहा वर्षांचे, गंजलेले. दुसऱ्या दिवशी सकाळी भिंतीची पट्टी जागच्या जागी होती, सरळ, चकचकीत, आणि तिच्याखाली आभाळ. पोरं म्हणाली, आप्पा, पदर राहिला, चोळी गेली. आत्याने त्यांच्या पाठीत धपाटे घातले.

वादळानंतर रायगडात पत्र्याला सोन्याचा भाव आला. वीज नाही, रस्त्यावर झाडं. आप्पांनी मिळतील तसे, दोन रंगांचे पत्रे आणले. पण बसवायला मात्र एक दिवसही लागला नाही. भिंतीला हात लावायचं काम नव्हतं. नवे पत्रे सरकवले, त्यांची पट्टी स्क्रूने धरली, भिंतीची पट्टी आधीच वाट बघत होती. आजूबाजूच्या शेडांमध्ये पत्र्याबरोबर भिंतीचा गिलावाही ढलप्यांनी निघून गेला होता आणि गवंड्याला उसंत नव्हती.

मृग लागला, झड आली. पहिल्या रात्री आप्पा शेडमध्ये सांध्याखाली खाट टाकून झोपले. झोपले म्हणजे पडून राहिले. अधूनमधून बॅटरी मारून पाइपच्या पोटाकडे बघत होते. पहाटे डोळा लागला. आत्या आली तेव्हा ते घोरत होते आणि अंगावरचं पांघरूण कोरडं होतं. ती काही बोलली नाही. निळी बादली तिने कोपऱ्यातून उचलली, जोडकामाची पातळ माती तिच्यात कालवली आणि कामाला बसली.

गणपतीच्या आधी पंधरा दिवस शेजारच्या आळीतला एक तरुण कारखानदार शेड बघायला आला. त्याच्याकडे तीच कथा, फक्त वाटे तीनच. तो खाली उभा राहून मोबाइलने फोटो काढत होता.

"आप्पा, हे कुणाचं काम? गवंड्याचं की पत्रेवाल्याचं?"

"दोघांचं नाही."

"मग?"

"जोडकाम आहे ते," आप्पा म्हणाले आणि आत्याकडे बोट केलं.

तरुण हसला. त्याला वाटलं थट्टा आहे. आत्याने ब्रश खाली ठेवला, हात पदराला पुसले आणि आप्पांच्या मांडीशेजारी पडलेल्या रोजवहीकडे बघितलं.

"जोडकाम व्हतं तर वहीत कुटं हाय?"

आप्पांनी वही उघडली. फेब्रुवारीचं पान काढलं. आत्याच्या नावापुढे त्या दिवसांच्या रकान्यांत फुल्या होत्या, मूर्तीला हात लावला नाही म्हणून. त्यांनी कानावरची पेन्सिल काढली, चष्मा वर घेतला आणि लिहिलं, जोडकाम, दीड दिवस.

"दोन," आत्या म्हणाली. "पानी मारायचा दिवस धरला नाय तुमी."

आप्पांनी दीडवर रेघ मारली.